गुडघ्याच्या वरच्या हाडात गाठ दिसतेय: एक्स-रेवरून कॅन्सर कळतो का?

चोपड्याजवळच्या एका गावातून एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भाचा १३ वर्षांचा आहे. कबड्डी खेळताना पडला आणि तेव्हापासून, म्हणजे साधारण दीड महिना, उजव्या गुडघ्याच्या वर दुखतंय. आधी मुका मार म्हणून गोळ्या झाल्या, मग गावातल्या एका जाणत्याकडून तेल लावून चोळून घेतलं. आता सूज दिसते आणि रात्री कळ येऊन पोरगा उठून बसतो. फोटो काढला. रिपोर्टात लिहिलंय: ‘डिस्टल फीमरच्या मेटाफिसिसमध्ये इल-डिफाइन्ड मिक्स्ड लायटिक-स्क्लेरोटिक लिजन, वाइड झोन ऑफ ट्रान्झिशन, पेरिऑस्टियल रिअॅक्शन.’ तिथले डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत इथेच तुकडा काढून तपासू. एक नातेवाईक म्हणतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. मामांना तीन गोष्टी हव्यात: फोटोवरून कॅन्सर कळतो का, एमआरआय कशाला, आणि तुकडा काढू द्यावा का.

भाऊ, मी २७ वर्षं जळगावात एक्स-रे वाचतोय. आधी करायचं ते सांगतो, कारणं नंतर. चोळणं आजपासून बंद. त्या पायावर भार टाकू देऊ नका, कुबड्या घ्या. गावात तुकडा काढू देऊ नका. याच आठवड्यात, जिथे हाडाच्या गाठींची शस्त्रक्रिया नेहमी होते अशा मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पोराला घेऊन जा. रिपोर्टातले शब्द वेगाने वाढणाऱ्या गाठीचे आहेत. ती कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत ती कॅन्सर आहे असंच धरून चालायचं.

आता पहिला प्रश्न. एक्स-रे गाठीचं नाव ठामपणे क्वचितच सांगतो, पण तिचा वेग फार चांगला सांगतो. हाडाच्या गाठींमध्ये सगळं त्या वेगावर येऊन ठरतं.

शेतीच्या भाषेत सांगतो. नाल्याचं पाणी वर्षानुवर्षं सावकाश काठ खात असेल तर आपण दगड रचून बांध घालतो, कारण वेळ मिळतो. एका रात्रीत लोंढा आला तर बांध घालायला सवड नसते. सकाळी पाहावं तर शेत कुठे संपलं आणि नाला कुठे सुरू झाला हेच कळत नाही. हाड जिवंत आहे, तेही बांध घालतं. गाठ संथ असेल तर तिच्याभोवती घट्ट पांढरी कडा तयार होते, इतकी स्पष्ट की बारीक पेन्सिलीने तिच्यावरून रेघ ओढता यावी. गाठ वेगाची असेल तर कडा पुसट, कुरतडलेली, वाळवी लागलेल्या लाकडासारखी दिसते. निरोगी हाड हळूहळू रोगट हाडात मिसळत जातं. तुमच्या रिपोर्टातल्या ‘वाइड झोन ऑफ ट्रान्झिशन’चा अर्थ हाच: बांध नाही. पूर्ण रिपोर्टातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला विचाराल तर हा.

दुसरा शब्द ‘पेरिऑस्टियल रिअॅक्शन’. हाडावर एक पातळ आवरण असतं. आतून काही ढकलू लागलं की ते उचललं जातं आणि आपल्या खाली नवं हाड तयार करतं. ढकलणारी गोष्ट संथ असेल तर एकच जाड, सलग थर बनतो. ती थांबत-थांबत वाढत असेल तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. वेग फार असेल तर थर पुरा व्हायच्या आधीच फाटतो, आणि हाडापासून बाहेर सूर्याच्या किरणांसारख्या उभ्या रेषा दिसतात. आवरण जिथे उचललं गेलं त्या टोकाला नव्या हाडाचा छोटा त्रिकोण उरतो. त्याला कॉडमन त्रिकोण म्हणतात. तुमच्या रिपोर्टात नुसतं ‘रिअॅक्शन’ लिहिलंय, प्रकार लिहिलेला नाही. मला तो प्रकार हवा असता. जुळत आलेल्या फ्रॅक्चरभोवतीही रिअॅक्शन असते आणि हाडाच्या जंतुसंसर्गातही असते, म्हणून नुसत्या या शब्दावरून घाबरायचं नाही. पुसट कडा आणि फाटलेला थर एकत्र आले की मात्र माझी काळजी वाढते.

‘मिक्स्ड लायटिक-स्क्लेरोटिक’ म्हणजे काही ठिकाणी हाड खाल्लं गेलंय, काही ठिकाणी पांढरं साचलंय. हे पांढरं कसं दिसतं ते फार बोलकं असतं. ढगासारखं, कापसाच्या बोंडासारखं फुललेलं असेल तर गाठ स्वतः हाड तयार करतेय. छोट्या कमानी, कडी, मक्याच्या लाह्यांसारखे ठिपके असतील तर गाठ कूर्चेची. वाफ धरलेल्या काचेतून पाहावं तसं धुरकट असेल तर बहुधा तंतुमय हाडाचा निरुपद्रवी प्रकार.

या सगळ्याआधी मी दोन गोष्टी पाहतो: वय, आणि गाठ हाडात नेमकी कुठे आहे. फोटो पाहण्याआधी वय विचारलं नाही तर निम्मं उत्तर हातातून जातं. पाच वर्षांच्या आतल्या बाळात हाड खाल्लेलं दिसलं तर दुसरीकडून आलेला न्यूरोब्लास्टोमा (लहानग्यांच्या मज्जापेशींचा कॅन्सर) किंवा हिस्टिओसायटोसिस (एका जातीच्या रोगप्रतिकारक पेशी साचून हाड खाणारा आजार) आठवतो. १० ते २० मध्ये हाडातून निघणारे दोन कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा आणि इविंग सार्कोमा. २० ते ४० मध्ये, हाडाची वाढ संपल्यावर, सांध्याला भिडलेली जायंट सेल ट्यूमर. ही बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण हाड पोखरून सांधा निकामी करते. चाळिशीनंतर दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर आणि मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर, आधी धरायचे.

लांब हाडाचं टोक, वाढीच्या पट्टीजवळचा रुंद भाग आणि मधली नळी, या तिन्ही जागांच्या गाठी वेगळ्या असतात. ऑस्टिओसार्कोमाची आवडती जागा वाढीच्या पट्टीजवळची, म्हणजे मुलाचं हाड जिथे सगळ्यात झपाट्याने वाढतं तिथली. गुडघ्याभोवतीची दोन टोकं आणि खांद्याजवळचं दंडाचं टोक. साधारण निम्मे ऑस्टिओसार्कोमा गुडघ्याभोवती असतात. इविंग जास्त करून नळीच्या भागात किंवा कंबरेच्या हाडात. तुमच्या भाच्याचं वय १३, जागा मांडीच्या हाडाचं खालचं टोक, वाढीच्या पट्टीजवळ. वय, जागा, पुसट कडा आणि पांढरं-काळं मिश्रण, चारही एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून मी वर इतक्या ठामपणे लिहिलं.

मग कबड्डीत पडला त्याचं काय? मार लागून कॅन्सर होत नाही. १३ वर्षांचा मुलगा रोजच पडतो. मारामुळे लक्ष त्या जागेकडे जातं, किंवा आधीच पोखरलेलं हाड तेव्हा दुखू लागतं. आमच्याकडे बाप पोराला घेऊन येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, पडना तव्हापासून दुखस.” मी दरवेळी एकच विचारतो: “रातले दुखस का?” साधा मुका मार दोन-तीन आठवड्यांत उतरतो आणि झोपेतून उठवत नाही. वाढत्या वयात एका बाजूचं, एका जागेवरचं, रात्रीचं आणि वाढत जाणारं दुखणं असेल तर दोन आठवड्यांच्या पुढे फोटोशिवाय थांबायचं नाही. फोटोतल्या किरणांची भीती अनेकांना वाटते. गुडघ्याच्या एका एक्स-रेत मिळणारे किरण आपल्याला एका दिवसात जमिनीतून आणि आकाशातून आपोआप मिळतात तेवढे किंवा त्याहूनही कमी असतात.

मार आणि चोळणं यांमुळे एक वेगळी गोष्ट मात्र खरंच होते आणि ती फोटोत कॅन्सरसारखी दिसते. मांडीच्या स्नायूत रक्त साकळतं आणि काही आठवड्यांनी तिथे चुना जमून हाड तयार होतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. जितकं चोळाल तितकं वाढतं. यात पांढरेपणा आधी बाहेरच्या कडेला येतो, मधला भाग रिकामा राहतो आणि गाठ बहुधा हाडापासून सुटी असते. हाडाच्या कॅन्सरमध्ये उलट, दाट पांढरं मध्यभागी आणि गाठ हाडाला धरून. मायोसायटिसची गाठ सुरुवातीच्या आठवड्यांत कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर निष्णात पॅथॉलॉजिस्टही फसू शकतो, कारण तिथल्या पेशी त्या वेळी अगदी कॅन्सरसारख्या दिसतात. त्या वेळी एक्स-रे तुकड्यापेक्षा खरं बोलतो. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला की बाहेरची कडा पक्की होते. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टात मात्र बदल हाडाच्या आत आहे, त्यामुळे हा आशेचा धागा मी तुमच्या हातात देणार नाही.

कॅन्सरचं सोंग घेणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. आपल्या देशात क्षयही हाडात बसतो. आणि खान्देशात काम करणाऱ्याने सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, विसरून चालतच नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आढळतो. त्यात हाडाचा रक्तपुरवठा अडून हाडाचा तुकडा मरतो, कधी त्यात जंतू शिरतात. बऱ्याच वर्षांपूर्वी धडगावकडचा एक पोरगा आला होता. मांडी सुजलेली, ताप, आणि फोटोत मधल्या नळीत पुसट कडा आणि कांद्यासारखे पापुद्रे. चित्र हुबेहूब इविंगचं. इविंगमध्ये तापही येतो, म्हणून तापावरून सुटका नव्हती. त्याच्या बहिणीला ‘रक्त कमी’ म्हणून वारंवार भरती करावं लागतं, हे आई बोलता बोलता सांगून गेली. सिकलसेलची तपासणी केली, ती निघाली. सुईने काढलेल्या नमुन्यात पू होता, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. प्रतिजैविकांवर महिन्याभरात पोरगं चालू लागलं. तेव्हापासून त्या भागातून येणाऱ्या प्रत्येक फोटोवर मी आधी सिकलसेलची चाचणी लिहितो. २०२३ पासून देशभरात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, चाचणी शासकीय दवाखान्यात होते. दुसऱ्या कुणाच्या घरी असाच प्रसंग असेल तर ही चाचणी करून घ्यावी.

हे वाचणाऱ्या इतर आईबापांची झोप उडू नये म्हणून हेही सांगायला हवं: मुलांच्या हाडात दिसणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. गुडघ्याचा फोटो दुसऱ्याच कारणासाठी काढावा आणि हाडाच्या कडेला एक छोटा, पांढऱ्या किनारीचा, द्राक्षाच्या घोसासारखा डाग दिसावा, असं आमच्याकडे नेहमी होतं. तो नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा. तो मोठेपणी आपोआप भरून जातो. त्याला हात लावायचा नसतो, एमआरआयचीही गरज नसते. हाडाला फुटलेल्या कोंबासारखी, सांध्यापासून दूर वळलेली गाठ म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोमा. मूळ हाडाची पोकळी तिच्यात सलग गेलेली दिसली की निदान तिथेच पक्कं. वाढ थांबल्यावर, मोठेपणी ती पुन्हा वाढू लागली किंवा दुखू लागली तरच शंका घ्यायची. खांद्याजवळच्या पाण्याच्या गाठीत हाड फुटून त्याचा चुरा तळाशी पडलेला दिसतो, तेव्हा कॅन्सरची धास्ती घ्यायचं कारण उरत नाही. आणि रात्री ठणकणारं पण साध्या वेदनाशामक गोळीने अर्ध्या तासात थांबणारं दुखणं असेल तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा शोधायचा. ती गाठ जेमतेम ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी, एक्स-रेत दिसेलच असं नाही. तिथे सीटी लागतो.

एक्स-रेला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. हाडातला ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय खड्डा फोटोत दिसत नाही. कंबरेच्या आणि पाठीच्या हाडांवर आतड्यातला वायू येतो आणि गाठ झाकली जाते. म्हणून दुखणं वाढत असेल आणि फोटो नॉर्मल असेल तर फोटोवर विसंबून राहायचं नाही.

आणि फोटो नीट काढलेला हवा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक मी आजही विसरलेलो नाही. १५ वर्षांच्या मुलीचा गुडघ्याचा फोटो आला. नाव आणि तारखेची पट्टी वरच्या कोपऱ्यात, नेमकी मांडीच्या हाडावर आली होती. मी गुडघा पाहिला, गुडघा चांगला होता, नॉर्मल लिहून दिलं. तीन महिन्यांनी ती सुजलेली मांडी घेऊन परत आली. जुनी फिल्म काढून उजेडावर धरली तर त्या पट्टीच्या खालून हाडाचं आवरण उचललेलं दिसत होतं, जेमतेम एका सेंटिमीटरभर. तेव्हापासून फिल्म हातात आली की मी आधी चारही कडा पाहतो, गुडघा शेवटी. लहान मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्याचा फोटो चांगला असेल तर खुब्याचाही काढतो, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. तुमच्या भाच्याच्या मांडीच्या पूर्ण हाडाचे, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, समोरून आणि बाजूने असे दोन फोटो हवेत. फक्त गुडघ्याचा एकच असेल तर तो अपुरा आहे. खिडकीला धरून मोबाईलने काढलेल्या फोटोवरून कुणाचं मत घेऊ नका. पुसट कडा तिथे कुणालाच दिसत नाही.

आता एमआरआय. गाठ कोणत्या जातीची हे एक्स-रे जास्त चांगलं सांगतो; ती कुठवर गेली हे एमआरआय सांगतो. मज्जेत किती वर पोचली, नस आणि रक्तवाहिनीला चिकटली का, सांध्यात शिरली का, आणि त्याच हाडात वर दुसरा छोटा ठिपका तर नाही ना. म्हणून एमआरआय पूर्ण मांडीच्या हाडाचा सांगायचा. आणि तो तुकडा काढण्याच्या आधी करायचा. सुई किंवा सुरी लागली की आत रक्त साकळतं, सूज येते, आणि गाठ किती आणि सूज किती हे नंतर ओळखता येत नाही. नुसता एमआरआय पाहून, एक्स-रेशिवाय मत देणाऱ्याकडे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही, कारण एमआरआयमध्ये साधी सूजही राक्षसासारखी दिसते.

तुकड्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक. सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो, हे खरं नाही. बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा काढून तपासल्याशिवाय, उपचार सुरूच होत नाहीत, ती लागणारच. पण सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर पेशी सांडलेल्या असू शकतात, म्हणून शेवटच्या शस्त्रक्रियेत ती पूर्ण वाट गाठीबरोबर कापून काढावी लागते. वाट चुकीच्या ठिकाणी, आडव्या छेदाने, भलत्या स्नायूतून गेली तर वाचणारा पाय वाचत नाही. अमेरिकेत हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये हाडांच्या आणि मऊ भागांच्या कॅन्सरच्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. त्यांतल्या साडेचार टक्के रुग्णांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकल्यामुळे कापावा लागला होता. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं, चित्र फारसं बदललं नव्हतं. चुका जास्त कुठे झाल्या होत्या? जिथे बायोप्सी एकाने केली आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्ण दुसरीकडे गेला, तिथे. तुमच्या गावचे डॉक्टर वाईट आहेत म्हणून मी नको म्हणतोय असं नाही. ज्याच्या हातून शेवटची शस्त्रक्रिया होणार त्यानेच सुईची वाट ठरवायची, एवढंच आहे. डॉक्टरांना हे तसंच सांगा, समजूतदार डॉक्टरला राग येत नाही, उलट ते चिठ्ठी लिहून देतात.

मनाची तयारी म्हणून पुढचं सांगतो. ऑस्टिओसार्कोमा निघाला तर आधी काही आठवडे केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. फुफ्फुसांचा सीटी होतो, कारण हा आजार पहिल्यांदा तिथे जातो. केमोथेरपी नव्हती तेव्हा पाय कापूनही पाचात एखादाच जगायचा. आज आजार हाडापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी दहातले सहा-सात जण जिवंत असतात, आणि बहुतेकांचा पाय वाचवून आत धातूचं हाड बसवता येतं. पण त्या आधी हाड मोडलं तर पेशी आजूबाजूच्या मांसात सांडतात आणि पाय वाचवणं अवघड होतं. म्हणून सुरुवातीलाच कुबड्या म्हटलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल दोन ओळी, कारण हे वाचून कुणी तरी विचारेलच. साठीच्या माणसाची पाठ महिनाभर दुखतेय, रात्रीही दुखतेय, वजन उतरतंय, तर पाठीचा फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक मणक्यावर डोळ्यांसारखे दोन गोल दिसतात. त्यातला एक डोळा मिटल्यासारखा नाहीसा दिसला तर ते हाड कॅन्सरने खाल्लेलं असू शकतं. पुरुषात प्रोस्टेट, बाईत स्तन तपासा. रक्त कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मायलोमा डोक्यात ठेवा, आणि पाठीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या लगेच थांबवा, त्या मूत्रपिंडाला मारतात.

निघायची तयारी. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथे हाडांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे. जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी दादरला उतरता, तिथून परळ जवळ. उपचार सुरू झाले की रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि पोराचं आधार कार्ड, दोन्ही मूळ प्रती घ्या. मूळ फिल्म घ्या, फोटो डिजिटल असेल तर सेंटरकडून त्याची सीडी मागून घ्या, ती देणं त्यांचं काम आहे. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या घ्या, गोळ्यांची पाकिटंसुद्धा. घरात कुणाला सिकलसेल आहे का, क्षय झालाय का, हे एका कागदावर लिहून न्या, रांगेत उभं राहून आठवत नाही. गाडीत पोराला खालचा बर्थ मिळेल असं पाहा. चढताना-उतरताना त्याला दोघांनी धरा, त्या पायावर उडी मारू देऊ नका.